राजवाड्यासमोर खेळतं पाणी: एक जलशिल्प कसं घडेल

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, तुम्ही कधी इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहिला असाल, तर पाण्याचं शिल्प म्हणजे काय हे तुम्हाला अंगाने ठाऊक आहे. गाडीवरच्या यंत्रातून रंगीत पाण्याची धार सुटते, वाड्याच्या मजल्यांना मागे टाकत वर चढते, टोकाला जाऊन फुटते. खाली माणसांचा समुद्र असतो. धार डावीकडे वळली की हात वर करून सगळी गर्दी डावीकडे सरकते, आणि गर्दीचा आवाज वाढला की यंत्रावरचा माणूस धार पुन्हा तिकडेच वळवतो. पाणी माणसांना हलवतं आणि माणसं पाण्याला.

वर्षातून एकदा घडणारी ही गोष्ट रोज, शांतपणे, एखाद्या लहान मुलालाही झेपेल अशी चौकात घडवायची असेल तर काय काय करावं लागेल? जगात अशी जलशिल्पं आहेत. माणूस जवळ गेला, त्यावर चालला, त्याला हात लावला की त्यांचं रूप बदलतं. मराठीत त्यांच्यासाठी शब्द शोधायला लांब जायला नको. वाहतं ठेवलेल्या पाण्याला आपण ‘खेळतं पाणी’ म्हणतोच. इथे ते माणसांशी खेळतं, एवढाच फरक.

समजा, राजवाड्यासमोरच्या चौकात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद अशी जागा मिळाली. पहिला निर्णय असा घ्यायचा की हौद बांधायचा नाही. आपल्या डोळ्यांसमोर कारंजं म्हटलं की गोल हौद, मध्ये कमळ आणि भोवती लोखंडी कठडा येतो. तो कठडाच पाणी आणि माणूस यांच्यामध्ये उभा असतो. नव्या पद्धतीत फरशी सपाट असते, धारा थेट फरशीतल्या भोकांतून येतात आणि पडलेलं पाणी फटींतून खाली निघून जातं. पंप बंद केला की उरतो तो मोकळा चौक. दिवाळीच्या खरेदीची गर्दी, मिरवणुका, सभा, सगळ्यांना तो वापरता येतो. साचलेलं पाणी नसल्यामुळे मूल बुडण्याची भीती नाही आणि डासांची पैदासही नाही.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात २००६ साली असाच एक पाण्याचा आरसा तयार झाला. सुमारे ३,४५० चौरस मीटर ग्रॅनाइटवर फक्त दोन सेंटिमीटर पाणी. थोड्या वेळाने ते ओसरतं आणि त्याच फरशीतून धुकं उठतं. समोरच्या जुन्या इमारती पाण्यात उलट्या दिसतात आणि लोक त्या प्रतिबिंबावरून अनवाणी चालतात. शिकागोमध्ये जाउमे प्लेन्सा या शिल्पकाराने २००४ साली काचेच्या विटांचे सुमारे पंधरा मीटर उंच दोन मनोरे उभे केले. त्यांच्यावर शहरातल्या एक हजार सामान्य नागरिकांचे चेहरे आळीपाळीने दिसतात आणि मध्येच तो चेहरा ओठांचा चंबू करून तोंडातून पाण्याची धार सोडतो. आपल्या गोमुखासारखंच. मुलं त्या धारेची वाट बघत मनोऱ्याखाली घोळका करून उभी असतात.

आता फरशीच्या खाली उतरू, कारण या कामाचा मोठा भाग तिथेच आहे. भोकातून उडालेलं पाणी फरशीवर पडतं. फरशीला मीटरमागे एक सेंटिमीटर ढाळ दिलेला असतो. चालताना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. पाणी मधल्या चरात जातं. चरावर जाळी असते आणि तिच्या फटी लहान मुलाचं बोट अडकणार नाही इतक्या अरुंद असतात. तिथून ते आपल्या वजनाने उतरत जमिनीखालच्या टाकीत पोचतं. ‘आपल्या वजनाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पंपाने फरशीवरचं पाणी कधीही थेट ओढायचं नसतं, कारण ओढणाऱ्या तोंडाशी केस किंवा हात अडकला तर सुटत नाही. टाकीतलं पाणी गाळणीतून जातं, स्वच्छ होतं, पंपात येतं आणि तिथून फांद्या फुटलेल्या नळांनी पुन्हा भोकांकडे जातं.

ही टाकी कधीही काठोकाठ भरायची नसते. पंप सुरू झाला की काहीशे लिटर पाणी हवेत, फरशीवर आणि नळांत असतं. पंप थांबला की ते सगळं एकदम टाकीत परत येतं, त्याला जागा हवी. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. आपल्या शंभर चौरस मीटर जागेवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटर पाणी त्याच चरात शिरतं आणि चौकातली धूळ, कागद, पानाच्या पिंका सोबत आणतं. म्हणून चराच्या तोंडाशी एक झडप लागते. शिल्प चालू असताना वाट टाकीकडे आणि बंद असताना पावसाळी गटाराकडे. ही झडप विसरली तर पहिल्याच जोरदार पावसात टाकीत चिखल होईल.

धार किती उंच असावी? बहुतेकांना वाटतं, जितकी उंच तितकी छान. इथे मला ठामपणे वेगळं सांगायचं आहे आणि त्यासाठी थोडं गणित लागेल. पाण्याची धार म्हणजे वर फेकलेला चेंडूच. सव्वा मीटर उंच जायला तिला भोकातून सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने निघावं लागतं. वर जायला अर्धा सेकंद, खाली यायला अर्धा. पाच मीटर उंच धारेला वेग दुप्पट लागतो आणि वर जाऊन परत यायला दोन सेकंद. याचा अर्थ असा की तुम्ही पाय उचलल्यावर यंत्राने त्याच क्षणी झडप बंद केली, तरी उंच धारेचं शेवटचं पाणी दोन सेकंदांनी खाली पडतं. तोवर तुम्ही पुढे गेलेले असता. आपल्या पावलाचा आणि त्या पाण्याचा काही संबंध आहे हे लक्षातच येत नाही. गुडघ्याएवढी धार मात्र सहा दशांश सेकंदात येऊन जाते. पाऊल पडलं की ती उठते, उचललं की विरते. उंच धार फक्त बोलते, बुटकी धार ऐकते.

विजेचा हिशेबही याच बाजूने लागतो. तेच भोक ठेवून धार चौपट उंच करायची, तर पाणी दुप्पट लागतं आणि ते चौपट उंच चढवायचं असतं, म्हणजे ताकद आठपट. शिवाय वारा. उन्हाळ्याच्या दुपारी माळव्यात वारा सुटला की पाच मीटरची धार रस्त्यावरच्या स्कूटरवाल्यावर जाऊन पडेल. म्हणून धारेच्या उंचीइतकी तरी मोकळी जागा चहूबाजूंनी सोडायची असा साधा ठोकताळा पाळतात आणि वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवून, वारा वाढला की धारा आपोआप खाली आणतात. समोर राजवाडा आहे हेही विसरून चालणार नाही. त्याचे खालचे तीन मजले दगडी असले तरी वरचे चार लाकडी आहेत. त्या लाकडावर रोज तुषार नेऊन पोचवणारं काहीही या चौकात नको. माझ्या मते इथे गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्याच धारा असाव्यात.

माणूस आला हे पाण्याला कळतं कसं? लोकांना यात सर्वांत जास्त कुतूहल असतं. दाब ओळखणाऱ्या पट्ट्या फरशीखाली ठेवता येतात, अदृश्य किरणांची रेघ आखून ती कुठे तुटली ते पाहता येतं, किंवा खोली मोजणारे कॅमेरे वर टांगता येतात. लंडनमध्ये २०१२ साली एका दालनात सतत पाऊस पाडला होता आणि माणूस जिथे जाईल तेवढ्याच जागी तो थांबायचा. कॅमेरे माणसाची जागा ओळखून डोक्यावरच्या झडपा बंद करत होते. भर पावसात कोरडं चालण्याचा तो अनुभव होता. पण तो बंद दालनात होता. गुलाल, धूळ, डिझेलचा धूर आणि चाळीस अंशांची उन्हं सोसणाऱ्या चौकात अशी नाजूक यंत्रं किती टिकतील, याचा विचार करूनच पैसे घालावेत. कॅमेरा असेल तर त्याने माणसांचे आकार ओळखावेत, चेहरे साठवू नयेत.

माझा जीव मात्र दुसऱ्या एका युक्तीवर जडला आहे आणि तिला यंत्र लागतच नाही. अंगणात झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, हे आपण सगळ्यांनी केलं आहे. तेच फरशीत करायचं. आठ भोकं एकाच छोट्या पंपावर जोडायची. मुलाने एका भोकावर टाच ठेवली की अडलेलं पाणी उरलेल्या सात भोकांकडे वळतं आणि त्या धारा उसळतात. दोन मुलांनी दोन भोकं दाबली की आणखी उसळतात. पाच जणांनी ठरवून पाच दाबली, तर उरलेल्या तिघींपैकी एखादीपाशी उभ्या असलेल्या आत्या नखशिखान्त भिजतात. पलीकडच्या अनोळखी माणसाच्या धारेशी आपला पाय जोडलेला आहे, हे कुणी पाटी लावून न सांगता कळतं. यात एक खुबी आहे: पंप लहानच हवा. मोठ्या पंपावर साठ भोकं जोडली तर एक दाबलं गेल्याचं बाकीच्यांना कळतही नाही. म्हणून एका मोठ्या पंपाऐवजी पाच छोटे घ्यायचे आणि प्रत्येकाकडे आठच भोकं द्यायची. एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात.

आणि पाण्याने प्रत्येक वेळी उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. डॅनिश शिल्पकार येप्पे हाइन याने २००४ साली पाण्याच्या भिंतींच्या खोल्या केल्या. भिंती ठरलेल्या क्रमाने उठतात आणि विरतात, माणसाकडे त्यांचं लक्षही नसतं. तरी आत शिरलेला माणूस भिंत कधी पडेल याचा अंदाज घेत उभा राहतो, पडली की पळतो, चुकला की भिजतो. लपंडावात राज्य असलेला गडी दिसत नसला तरी खेळ चालूच असतो, तसंच.

माळव्याला हे सगळं परकं नाही. मांडूला गेलात तर नीलकंठ महालाच्या अंगणात दगडात कोरलेली वळत वळत जाणारी पन्हळ पाहा. पाण्याचा प्रवास मुद्दाम लांबवला आहे, आणि तो लांबवला म्हणूनच माणूस तिथे खाली बसतो आणि बोट बुडवतो. उज्जैनजवळ क्षिप्रेवर कालियादेह महालापाशी बावन्न कुंडं आहेत. मांडूच्या सुलतानांच्या काळातली ही कल्पना. एका कुंडातून दुसऱ्यात पाणी पडतं आणि पंप कुठेच नाही. मोगल बागांमध्ये उतरत्या दगडावर माशाच्या खवल्यांसारखं नक्षीकाम करून त्यावरून पाण्याची ‘चादर’ सोडत. गुळगुळीत दगडावरून गेलं तर दिसणारही नाही इतकं पातळ पाणी खवल्यांवर आपटून पांढरं होतं, चमकतं, आवाज करतं. दगडाच्या पोताने थोडं पाणी खूप दिसतं. इंदूरला याचीच गरज आहे.

कारण इंदूरमध्ये घर भाड्याने घेताना पहिला प्रश्न असतो, पाणी बोअरिंगचं की नर्मदेचं? नर्मदा इथून वाहत नाही. १९७० साली या शहराने तिच्यासाठी आंदोलन केलं आणि त्या दशकाच्या अखेरीला मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी आलं, साधारण सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढून. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे आणि नदी खूप खाली. चढ चारशे मीटर धरला, तरी हजार लिटर पाणी वर आणायला नुसत्या गणिताने एक युनिटहून जास्त वीज लागते. पंपांची आणि नळांतल्या घर्षणाची तूट त्यावर वेगळी. आमच्या रामबागेतल्या घरी नळाची वेळ झाली की आजी सगळ्यांना उठवायची. पिंप, बादल्या, पातेली, शेवटी लोटीसुद्धा भरून ठेवायची. त्या घरातला मी, चौकात पाणी उडवा असं म्हणताना हिशेब मांडल्याशिवाय म्हणू शकत नाही.

हिशेब असा. आठ मिलिमीटरच्या भोकातून गुडघाभर धार उडवायला सेकंदाला साधारण दीडशे मिलिलिटर पाणी लागतं. अशा चाळीस धारांना सहा लिटर, म्हणजे तासाला एकवीस हजार सहाशे. हे पाणी गटारात सोडलं तर तासाला दहा हजार लिटरचे दोन टँकर संपतील. तेच पाणी फिरवत ठेवलं तर सहा-सात हजार लिटरची टाकी पुरते आणि रोज भर घालायची ती वाफ झालेल्या, उडून गेलेल्या आणि कपड्यांतून घरी गेलेल्या पाण्याची. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास घटते, म्हणजे शंभर चौरस मीटर दिवसभर ओले राहिले तर हजारेक लिटर. शिल्प फक्त सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास चालवलं तर हा आकडा बराच खाली येतो. भर दुपारी काळा दगड असाही पाय ठेवू देत नाही. प्रतिबिंबासाठी काळा दगड सुंदर, पण अनवाणी पायांसाठी वाईट. मी राखाडी दगड घेईन आणि काळ्याच्या नुसत्या रेघा आखेन.

पाणी फिरवायचं म्हटलं की स्वच्छतेचा प्रश्न सर्वांत मोठा होतो. त्याच पाण्यात शंभर पायांची माती, लंगोट बांधलेली बाळं, आणि कुणी ना कुणी ते पाणी तोंडात घेणारच. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या सेनेका लेक इथल्या एका उद्यानात २००५ साली अशाच फवाऱ्यांच्या पाण्यामुळे तीन हजारांहून जास्त माणसं जुलाबांनी आजारी पडली. पाणी गाळलेलं होतं, त्यात क्लोरीनही होतं. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनला सहज दाद देत नाही. त्यावर अतिनील किरणांचा दिवा लागतो. गाळलेलं पाणी दिव्यापुढून जातं आणि जंतूची वाढण्याची ताकद संपते. त्यामुळे गाळणी, क्लोरीन आणि अतिनील दिवा हे तिन्ही हवेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात वाढणारे आणि तुषारांबरोबर श्वासात जाणारे जंतूही असतात. म्हणून पाणी काही दिवस बंद राहिलं तर टाकी रिकामी करून, धुऊन मगच पुन्हा सुरू करायची. पैसे कमी पडले तर दिवे कमी करा, रंग कमी करा, धारा निम्म्या करा. शुद्धीकरणातलं काही कमी करू नका. मी हे विनवणी म्हणून लिहितो आहे.

घसरण्याचंही तसंच. लंडनच्या हाइड पार्कमध्ये २००४ साली राजकन्या डायनाच्या स्मरणार्थ दगडी पन्हळीचं मोठं लंबवर्तुळ खुलं झालं. लोक पाण्यात उतरले, घसरले, तिघांना दुखापत झाली आणि काही आठवड्यांतच ते बंद करावं लागलं. नंतर दगड खरखरीत करून घेतला. आपल्याकडे पाट्याला छिन्नीने टाकी लावून देणारी माणसं दारोदार यायची. तसाच टाकी लावलेला खरखरीत दगड इथे हवा, आणि शेवाळ धरू नये म्हणून तो आठवड्याला घासायला हवा. दिवे बारा व्होल्टचे आणि गळती होताच वीज तोडणारं उपकरण प्रत्येक जोडणीवर. यावर चर्चा नको.

माळव्याच्या जमिनीचंही ऐकावं लागतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकी ठेवली किंवा ताठ नळ पुरले तर दोन-तीन वर्षांत सांधे सुटतात. माती काढून मुरूम भरायचा, सांधे थोडे हलते ठेवायचे. क्षार हा दुसरा त्रास. पाण्याची वाफ होते पण त्यातले क्षार मागे राहतात, तेच पाणी फिरत राहिलं की दाट होतात. इडलीपात्राच्या तळाला बसतो तसा पांढरा थर भोकांच्या कडांना बसतो आणि आठ मिलिमीटरचं भोक सहाचं होतं. एका वसाहतीच्या बागेतलं कारंजं मी डोळ्यांदेखत असं मरताना पाहिलं आहे. बांधायला पैसे होते, पण महिन्याला तोट्या काढून लिंबाच्या सतात बुडवून ठेवायला माणूस नेमलेला नव्हता. धारा एकेक करून वाकड्या झाल्या, मग बंद पडल्या. म्हणून तोट्या वरून, साध्या चावीने निघतील अशा हव्यात, आणि ती चावी ज्याच्या हातात राहील त्याचा पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात हवा. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी तोच माणूस सगळ्या भोकांवर झाकणं बसवेल, झडप गटाराकडे वळवेल आणि गेर संपून फरशी धुतल्यावर झाकणं पुन्हा काढेल.

पॅट्रिक गेडिस हा नगररचनाकार १९१७ च्या सुमारास इंदूरला आला तेव्हा शहरात प्लेगची धास्ती होती. त्याने दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं. तिचा मार्ग नेहमीचा नसून ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील तिथून जाणार, असं जाहीर केलं. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. लोकांनी आपापल्या गल्ल्या साफ केल्या, कारण मिरवणूक कुठून जाईल हे त्यांच्या हातात आलं होतं. चौकातल्या जलशिल्पाचा आराखडा करणाऱ्याने ही गोष्ट जवळ ठेवावी. भोकं कुठे असावीत हे कागदावर ठरवण्याआधी माणसांना विचारावं, आणि विचारण्याचा चांगला मार्ग म्हणजे नमुना करून त्यांना त्यावर सोडणं.

त्याला फार खर्च येत नाही. दोनशे लिटरचं पिंप, एक टिल्लू पंप, पीव्हीसीचा पाइप आणि ड्रिल मशीन. पाइप चौकोनात जोडा, टोकं बंद करा, आठ भोकं पाडा, अंतरं मुद्दाम सारखी ठेवू नका. खाली ताडपत्री पसरून एका कडेने ढाळ द्या, म्हणजे पाणी पिंपात परत येईल. पंपाचं बटण आणि वायर पाण्यापासून लांब, मोठ्या माणसाच्या हाताशी ठेवा. मग वाड्यातली, बिल्डिंगमधली मुलं बोलवा आणि त्यांना काहीही सांगू नका. कोण पहिल्यांदा कुठे पाय ठेवतं, कोण लांब उभं राहून बघतं, आजोबांना खुर्ची कुठे ठेवावीशी वाटते, ते खडूने जमिनीवर मांडत जा. दुसऱ्या दिवशी नववं भोक त्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पाडा.